चाकांवरची चाळ

नवरा-बायकोचं एकमेकांशी कितपत पटतं हे पाहायचं असेल, तर पत्रिका, गुणमेलन, समुपदेशक वगैरे भानगडींत पडू नये. दोघांना एक पंचवीस फुटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, द्यावी आणि दोन झाडांच्या मधल्या जागेत ती मागे घ्यायला सांगावी. दहा मिनिटांत निकाल हातात.

ओरेगनच्या समुद्रकाठी कुठल्याही कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी चारनंतर हा प्रयोग विनामूल्य पाहायला मिळतो. आधी येऊन स्थिरस्थावर झालेली मंडळी घडीच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडतात. समुद्र पाठीमागे असतो, पण त्याच्याकडे बघायला रात्र पडलीय. नवी गाडी येते. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे, दोन्ही हात हवेत. तो आरशात तिला शोधत असतो आणि ती नेमकी आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात उभी असते. "डावीकडे घे!" "कुणाच्या डावीकडे?" हा संवाद मी इंग्रजीत ऐकला आहे, स्पॅनिशमध्ये ऐकला आहे, आणि न कळणाऱ्या एका भाषेतही ऐकून लगेच ओळखला आहे. अनुभवी जोडपी कानाला हेडसेट लावतात. आरव्हीवाल्यांच्या बोलीत त्याला 'मॅरेज सेव्हर' म्हणतात. आमच्याकडे हेडसेट नाही. आमचं सगळं मराठीत आणि मोठ्यानं होतं. प्रेक्षकांना शब्द कळत नाहीत, पण आशय व्यवस्थित पोचतो.

मी वाढले गिरगावातल्या चाळीत. नवरा पुण्याचा, सदाशिव पेठेतला. दोघांनी पोर्टलंडजवळ येऊन, आयुष्याची उमेदीची वर्षं हप्ते फेडून, चार बेडरूमचं घर उभं केलं. मुलं नोकऱ्यांच्या गावी गेली. आता आम्ही काय करतो, तर त्या चार बेडरूमना कुलूप लावतो आणि रोजचं भाडं मोजून दोनशे चौरस फुटांच्या एका खोलीत राहायला जातो. माझी आई फोनवर म्हणाली, "अगं, हेच करायचं होतं तर आपली खोली काय वाईट होती? भाडं साडेअकरा रुपये होतं."

आईला हसण्यावारी नेणं सोपं होतं. पण पहिल्याच दिवशी गाडीत पाऊल टाकलं आणि माझ्या लक्षात आलं की मला इथलं सगळं येतंय. दारातच चपला काढायच्या, नाहीतर वाळू थेट अंथरुणात. ड्रायव्हरच्या डोक्यावर जो पलंग असतो तो पोटमाळा. त्यावर माणसं झोपत नाहीत, सामान झोपतं. जेवायचं टेबल रात्री खाली दाबलं की गादी होते. मोरीएवढी न्हाणीघराची जागा. एकाला स्वयंपाकाच्या ओट्यापासून पलंगाकडे जायचं असेल तर दुसऱ्यानं अंग चोरून भिंतीला चिकटायचं. चार बेडरूमच्या घरात पंचवीस वर्षं राहून नवरा हे सगळं विसरला होता. माझं अंग विसरलं नव्हतं.

पाण्याचंच घ्या. आमच्या गाडीत चांगल्या पाण्याची टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरच्या आसपास. त्याखाली दोन टाक्या: एक भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची, ती 'ग्रे', आणि दुसरी संडासाची, ती 'ब्लॅक'. अमेरिकन माणूस शॉवरखाली उभा राहिला की टाकी अर्धी होते आणि मग त्याला साक्षात्कार होतो की पाणी कुठून तरी येतं आणि कुठे तरी जातं. मी पहाटे नळ यायच्या आधी पिंप विसळून ठेवणारी मुलगी. अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, मग दोन तांबे. भांडी आधी कागदानं पुसून मग धुवायची. माझी काटकसर पाहून नवऱ्यानं कौतुकानं विचारलं, "हे तू कुठे शिकलीस?" लग्नाला तीस वर्षं होत आली तरी माणसाला सासुरवाडी कुठे होती ते आठवत नाही.

त्याची खरी कर्तबगारी सांडपाण्यात. घरी बेसिन तुंबलं की "बघतो" म्हणून पेपर उघडणारा हाच माणूस. पण आरव्हीच्या डम्प स्टेशनवर त्याला पाहावं. हातात निळे मोजे, पायात गमबूट, खांद्यावर गुंडाळलेला सांडपाण्याचा पाईप. आधी ब्लॅकची झडप उघडायची, ती पूर्ण रिकामी झाली की मगच ग्रेची, म्हणजे साबणाचं पाणी मागाहून येऊन पाईप धुऊन निघतो. ब्लॅकची झडप कायम उघडी ठेवली तर पाणी आधी वाहून जातं आणि उरायचं ते टाकीत बसून राहतं, म्हणून ती दोन तृतीयांश भरेपर्यंत थांबायचं. पण भरली किती हे कळणार कसं? भिंतीवर चार दिव्यांचं एक पॅनेल असतं. टाकीतल्या सेन्सरला कागद चिकटला की ते खुशाल खोटं बोलतं. रिकामी टाकीही 'दोन तृतीयांश' दाखवते. मग पुरुषमंडळी पॅनेलवर विश्वास न ठेवता कानावर ठेवतात. आपल्या रांगेची वाट पाहत उभे असलेले पाच-सहा नवरे, कुणी निवृत्त वैमानिक, कुणी दातांचा डॉक्टर, कमरेवर हात ठेवून दुसऱ्याच्या पाईपमधला आवाज ऐकत असतात. "अजून आहे," एक म्हणतो. बाकीचे गंभीरपणे माना हलवतात. चाळीत सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभे राहणारे शेजारी याच गांभीर्यानं राजकारणावर बोलत.

आता रस्त्याविषयी. 101 नंबरचा हायवे ओरेगनच्या वरच्या टोकाला अ‍ॅस्टोरियापासून खाली ब्रुकिंग्जपर्यंत 363 मैल, म्हणजे साधारण 584 किलोमीटर, समुद्राला धरून जातो. उजव्या हाताला पॅसिफिक, डाव्या हाताला सिटका स्प्रूस, हेमलॉक आणि डग्लस फरचं असं दाट रान की दुपारी हेडलाइट लावावेत. काही ठिकाणी रान थेट कड्यापर्यंत येतं आणि शेवटचं झाड वाऱ्यानं पाठीत वाकलेलं, समुद्राकडे पाठ करून उभं असतं. हे सगळं फार सुंदर आहे असं मला नंतर फोटोंत दिसलं. प्रत्यक्ष त्या वेळी मी उजवीकडचा आरसा आणि रस्त्याची पांढरी रेघ यांच्यात किती बोटांचं अंतर आहे ते पाहत होते.

त्यातून पूल. न्यूपोर्टचा याक्विना बे पूल 1936 सालचा, कॉन्डी मॅककुला या इंजिनिअरनं बांधलेला. या किनाऱ्यावर नदी आली की त्याचा पूल आलाच, आणि प्रत्येक पूल असा देखणा की लोक गाडी थांबवून फोटो काढतात. मात्र 1936 साली ओरेगनमध्ये कुणाच्या डोक्यात नव्हतं की पुढे माणसं आठ फूट रुंदीचं घर घेऊन पुलावरून जाणार. समोरून लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक येतो. नवरा श्वास रोखतो, मी पोट आत घेते. पोट आत घेतल्यानं गाडी अरुंद होत नाही हे मला माहीत आहे. तरी घेते.

या किनाऱ्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कायद्यातली आहे. इथली पुळण कुणाच्या मालकीची नाही, सगळ्यांची आहे. 1913 साली ऑस्वाल्ड वेस्ट या गव्हर्नरच्या डोक्यातून निघालं, की पुळण हा सार्वजनिक हायवे आहे असंच कायद्यात लिहून टाकू. हायवे कोण विकत घेणार? ते चाललं. पुढे 1966 मध्ये कॅनन बीचच्या एका मोटेलवाल्यानं कोरड्या वाळूचा एक तुकडा आपल्या पाहुण्यांपुरता अडवला. कायद्यात ओल्या वाळूचा उल्लेख होता, कोरडीचा नव्हता, असं त्याचं म्हणणं. राज्यभर बोंबाबोंब झाली आणि 1967 साली 'बीच बिल' येऊन कोरडी वाळूही थेट झाडाझुडपांच्या रेघेपर्यंत सगळ्यांची झाली. मला या मोटेलवाल्याचा चेहरा न पाहताही दिसतो. आमच्या मजल्यावर सात नंबरच्या खोलीतले एक काका होते, त्यांनी असंच सार्वजनिक गॅलरीत आपलं कपाट आणून ठेवलं होतं. "रहदारीला अडचण होत नाही," म्हणायचे. ते कपाट हलवायला गणपतीची मीटिंग लागली.

चाळीत एक सेक्रेटरी असतो, इथे 'कॅम्प होस्ट' असतो. बहुधा निवृत्त जोडपं. फाटकाशीच त्यांची गाडी, दारात फुलांच्या कुंड्या, पाटीवर दोघांची नावं. जागा फुकट मिळते, त्या बदल्यात ते सरपणाच्या मोळ्या विकतात, राख उपसतात आणि रात्री दहानंतर कोण हसतंय यावर लक्ष ठेवतात. रात्री दहा ते सकाळी सात शांतता. जनरेटर बंद. कुत्रा दोरीला. सरपण बाहेरून आणू नये, कारण लाकडातून किडे येतात. ही सूचनांची पाटी आम्ही पोचलो की नवरा उभा राहून शेवटपर्यंत वाचतो आणि म्हणतो, "बघ, किती स्पष्ट लिहिलंय." पुणेरी माणसाला परदेशात माहेर भेटलं ते या पाटीत.

त्याची दुसरी भक्ती म्हणजे लेव्हल. गाडी तिरपी उभी राहिली तर गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज नीट थंड करत नाही. त्याच्या नळ्यांतलं द्रव आपल्या वजनानं उतरत असतं, त्याला उतार चुकीचा मिळाला की ते रुसतं. म्हणून चाकांखाली पिवळ्या प्लास्टिकच्या चकत्या सरकवायच्या, फोनवर पारा बघायचा, पुन्हा गाडी पुढे, पुन्हा मागे. हे अर्धा तास चालतं. दरम्यान सूर्य पॅसिफिकमध्ये बुडतो, ज्यासाठी सहा महिने आधी ही जागा आरक्षित केलेली असते. शेवटी तो घाम पुसत "पॉइंट पाच डिग्री" म्हणतो आणि मी आमटीचं पातेलं ओट्यावर ठेवते. आमटी सिंककडे झुकलेली. मी काही बोलत नाही. तोही बघतो आणि काही बोलत नाही. याला संसार म्हणतात.

वीज तीस अँपिअरची. म्हणजे हीटर चालू असताना मायक्रोवेव्ह चालेल. त्यात चहाची इलेक्ट्रिक किटली लावली तर अंधार. हे गणित नवऱ्याला तोंडपाठ आहे, तरी अंधार रोज सकाळी होतो, कारण किटली तोच लावतो.

आणि फोडणी. आरव्ही बनवणाऱ्यांनी खूप विचार केलाय. प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून गॅस ओळखणारं यंत्र जमिनीलगत, धूर वर जातो म्हणून धुराचं छताला, कार्बन मोनॉक्साईडचं झोपायच्या जागेजवळ. या तिघांच्या कचाट्यात एक सुकी मिरची आणि चिमूटभर मोहरी. पहिल्या दिवशी मिरची तेलात पडली आणि छतातून असा काही आक्रोश झाला की शेजारच्या गाडीतून एक आजोबा आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आले. मी पळी हातात घेऊन दारात उभी. "इट्स ओके," म्हटलं, "इट्स दाल." ते आत डोकावले, दीर्घ श्वास घेतला, शिंकले आणि पुन्हा आत डोकावले. तेव्हापासून फोडणी बाहेर, लाकडी बाकावर, छोट्या शेगडीवर. त्याचा परिणाम चाळीत होतो तोच झाला. वास पसरला, माणसं जमली.

आजोबांच्या बायकोला मी डब्यातून दोन थालीपिठं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घासूनपुसून परत आला, आणि त्यात चार ब्लूबेरी मफिन होते. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे आयडाहोच्या त्या बाईला कुणी शिकवलं असेल? मी विचारलं नाही. चाळीतही विचारत नसत. मफिन संपवून डब्यात शेंगदाण्याचे लाडू घातले, आणि मग हे सत्र थांबवणं दोघींनाही जमेना. डब्याचं झाकण तिच्याकडे राहिलं ते राहिलंच.

ही दोघं 'फुल टायमर'. घर विकून टाकलेलं. वर्षभर हेच घर, हीच गाडी. उन्हाळ्यात ओरेगन, थंडीत अ‍ॅरिझोना. मी तिला हळूच विचारलं, घराची आठवण येत नाही? तिनं नवरा पाईप गुंडाळण्यात गुंतलाय याची खात्री करून घेतली. घराची नाही येत, म्हणाली, दारांची येते. भांडण झाल्यावर जे धाडकन लावून दुसऱ्या खोलीत जायचं, तसं एकही दार या गाडीत नाही. न्हाणीघराचं आहे, पण ते सरकतं. सरकतं दार आपटता येत नाही.

पावसात हे फार जाणवतं. आणि इथे पाऊस म्हणजे पाऊस. अमेरिका खंड ओलांडून पॅसिफिकपर्यंत पोचलेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या तुकडीनं 1805-06 चा हिवाळा अ‍ॅस्टोरियाजवळ फोर्ट क्लॅटसॉपला काढला. 106 दिवस राहिले; त्यांतले पाऊस नसलेले दिवस फक्त बारा. कपडे कुजले, अंगावर पिसवा झाल्या आणि एल्कचं मांस खाऊन सगळे विटले, असं त्यांच्या रोजनिशीत आहे. त्यांच्या शिस्तीचं इतिहासकार कौतुक करतात. मी एवढंच म्हणेन की त्यांच्या खोल्या निदान वेगवेगळ्या होत्या. आमच्याकडे पाऊस लागला की नवरा जेवणाच्या टेबलाशी नकाशा उघडून बसतो आणि मी दोन फुटांवर पलंगावर पुस्तक उघडून बसते, आणि तो कागद उलटला की मला ऐकू येतो, मी उसासा टाकला की त्याला. "काय झालं?" "काही नाही." "मग असा का सोडलास?" जॉन स्टाइनबेक 1960 साली ट्रकवर खोली बसवून अमेरिका बघायला निघाला, तेव्हा त्यानं सोबत चार्ली नावाचा पूडल घेतला होता. बायको वाटेत मधूनच येऊन भेटली. पुस्तक लिहून पूर्ण झालं त्याचं कारण हेच असावं.

न्यूपोर्टला मी माझा दिवस वसूल केला. माझी आई मालवणची. इथल्या धक्क्यावरून जाळीची रिंग सोडून डंजनेस जातीच्या कुर्ल्या धरता येतात. लायसन्स काढायचं, रिंगेत कोंबडीची तंगडी बांधायची, पंधरा-वीस मिनिटं थांबून एका दमात वर ओढायचं. सावकाश ओढलं की कुर्ली चालत बाहेर निघून जाते. नियम दोन: पाठ पावणेसहा इंचांपेक्षा कमी भरली तर परत पाण्यात, आणि मादी असेल तर कितीही मोठी असो, परत पाण्यात. माणशी बारा नर. शेजारचे लोक मोजपट्टी लावून, कुर्ली उलटी करून, फोनवरच्या चित्राशी ताडून बघत होते. मी लांबूनच सांगत होते, "फीमेल. फीमेल. मेल, पण लहान." पोटावरची पाकळी रुंद की निमुळती हे ओळखायला आमच्याकडे चित्र लागत नाही. थोड्या वेळानं अनोळखी माणसं आपापल्या कुर्ल्या घेऊन माझ्यासमोर रांगेत उभी. एका मुलानं चांगली थाळीएवढी मादी आणली, भरलेली. गाबोळी दिसतेय, मालवणी मसाला गाडीत आहे, आणि कायदा म्हणतो सोडा. सोडली. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाली, "गोऱ्यांना काय कळतंय."

धक्क्याखाली तराफ्यांवर सी लायन लोळत असतात आणि रात्रंदिवस भुंकतात. त्यांना दहानंतरच्या शांततेची पाटी कुणी दाखवलेली नाही.

फ्लॉरेन्स गावाबद्दल लिहिल्याशिवाय मात्र पुढे जाता येणार नाही. नोव्हेंबर 1970. इथल्या वाळूवर पंचेचाळीस फुटी मेलेला देवमासा येऊन लागला आणि सडायला लागला. पुळण म्हणजे हायवे, त्यामुळे तो हलवायचं काम हायवे खात्याकडे. पाहा, ऑस्वाल्ड वेस्टचं डोकं कुठवर पोचलं. रस्त्यात धोंडा आला तर हायवेवाले काय करतात? सुरुंग लावतात. त्यांनी सुरुंग लावला, अर्धा टन डायनामाइट. अंदाज असा की माशाचे बारीक तुकडे होतील, समुद्रपक्षी खाऊन टाकतील. बघायला जमलेल्या लोकांत स्फोटकांचं शिक्षण घेतलेला एक गृहस्थ होता; हे प्रमाण फार होतंय, असं त्यानं सांगून पाहिलं. ऐकतो कोण? बार उडाला. पाव मैलापलीकडे चरबीचे गोळे पडले, त्यांतला एक भलामोठा एका नव्याकोऱ्या मोटारीच्या टपावर. मोटार त्याच गृहस्थाची. माशाचा मोठा भाग होता तिथेच राहिला, आणि पक्षी आवाजानंच पळाले होते. 2020 साली गावानं एका बागेला या प्रसंगाचं नाव दिलं: 'एक्स्प्लोडिंग व्हेल मेमोरियल पार्क'. आपल्याकडे असली फजिती झाली असती तर फाइल गहाळ झाली असती. इथे फलक लावला. नवरा इंजिनिअर, तो त्या फलकासमोर अंमळ जास्त वेळ उभा होता. "चार्ज खालून लावायला हवा होता," एवढंच म्हणाला.

कॅलिफोर्नियाची हद्द लागली की रस्ता वळणावळणाचा होतो आणि एक नवा नियम लागू होतो: तुम्ही सावकाश जात असाल आणि मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या, तर पहिल्या मोकळ्या जागी बाजूला होऊन त्यांना वाट द्यायची. मोजणी माझ्याकडे. "तीन झाल्या." "चार." पाचवी मागे लागली की मी ओरडते, तो बाजूला घेतो, गाड्या सुसाट निघून जातात, आणि बहुतेक वेळा तो थांबा नेमका अशा जागी असतो की खाली कडा, त्याखाली समुद्र, काळे सुळके, फेस. मला या किनाऱ्याची जी काही सुंदर ठिकाणं माहीत आहेत, ती मागच्या ड्रायव्हरांच्या कृपेनं.

मग रेडवूड. इथे चेष्टा जरा बाजूला ठेवते, कारण ती झाडं पाहून नवरा चक्क गप्प झाला. जगातलं सगळ्यात उंच झाड याच रानात आहे, हायपेरियन, जवळजवळ 116 मीटर. कुठे आहे ते सरकार सांगत नाही, आणि शोधत गेलात तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. लोकांनी बुंध्याभोवती नाचून नाचून मुळं उघडी पाडली होती. एवढ्या उंचीच्या झाडाला सोटमूळ नाही. मुळं जेमतेम दोन-चार मीटर खोल, पण आडवी दूरवर पसरलेली, शेजारच्या झाडाच्या मुळांत गुंतलेली. एकेकटं उभं राहायची यांची सोय नाही. वाऱ्यात एकमेकांना धरूनच उभी. उन्हाळ्यात इथे पाऊस पडत नाही, तेव्हा समुद्रावरून येणारं धुकं पानांवर ठिबकतं आणि वर्षाच्या पाण्यातला मोठा हिस्सा झाडाला त्यातून मिळतो. आम्ही सकाळी रानात गेलो तेव्हा आभाळ कोरडं होतं आणि खाली पाऊस पडत होता. मान मागे टाकून शेंडा शोधत गेलं की मानेत कळ येते आणि शेंडा काही येत नाही.

गप्प बसणं लेगेटपर्यंत टिकलं. तिथे शॅन्डेलियर नावाचं रेडवूड आहे, 1930च्या दशकात बुंध्याला भोक पाडलेलं, ज्यातून मोटार आरपार जाते. जिवंत झाडाला भोक पाडण्याची कल्पना मला मुळीच पसंत नाही, पण गर्दी बघायला आवडते. भोक सहा फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच. आमची गाडी आठ फूट रुंद आणि अकरा फूट उंच. नवऱ्यानं हे आकडे मला दोन दिवस आधीपासून सांगितले होते, तरी तिथे पोचल्यावर गाडी बाजूला लावून त्यानं टेप काढलाच. आम्ही बुंध्याशी उभे राहून बाकीच्यांना बघत होतो. एक मोठी एसयूव्ही आली. आरसे मिटले. नवरा आत, घामाघूम. बायको भोकाच्या पलीकडच्या तोंडाशी, दोन्ही हात हवेत. "लेफ्ट! लेफ्ट!" "युअर लेफ्ट ऑर माय लेफ्ट?" नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एकदम हसलो, आणि मग त्यानं पुढे होऊन त्या परक्या माणसाला हातवारे करून गाडी व्यवस्थित बाहेर काढून दिली. डावी-उजवी न म्हणता, नुसत्या बोटांनी. ही विद्या त्याला येते हे मला आजवर माहीत नव्हतं.

गाडी परत करताना काउंटरवरच्या मुलीनं टाक्या तपासल्या. दोन्ही रिकाम्या. पॅनेल 'दोन तृतीयांश' म्हणत होतं. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग आत जाऊन एकदा हवा हुंगली, छतावरच्या धुराच्या यंत्राला बांधलेली प्लास्टिकची पिशवी पाहिली, काढली, आणि माझ्याकडे बघून काहीच न बोलता तिच्या कागदावर एक खूण केली. नवरा तोवर शेजारच्या आवारात फिरत होता. परत आला तो डोळ्यांत एक वेगळी चमक घेऊन.

"पुढच्या वर्षी मोठी घेऊ," म्हणाला. "बत्तीस फुटी. मागे वेगळी बेडरूम आहे."

"दार कसलं आहे?"

"म्हणजे?"

"बेडरूमचं. सरकतं की बिजागरीचं?"

तो पुन्हा आत जाऊन बघून आला. "बिजागरीचं. का?"

"मग घेऊ," म्हटलं.